विश्लेषण : बाजार एकच, तरीही युद्ध... पूर्व आफ्रिकेतील शेजाऱ्यांचे गणित नेमके कुठे चुकते?

वॉशिंग्टनमध्ये ४ डिसेंबर २०२५ रोजी काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे अध्यक्ष फेलिक्स चिसेकेदी आणि रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांनी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या साक्षीने शांतता करारावर शिक्कामोर्तब केले. या करारासोबत आर्थिक सहकार्याचा एक स्वतंत्र आराखडाही होता. वीज, खनिजे, रस्ते, पर्यटन यांत दोन्ही देशांनी एकत्र काम केले, की युद्ध कोणालाच परवडणार नाही, असा त्यामागचा विचार. त्यानंतर सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, एम२३ या बंडखोर गटाने पूर्व काँगोतील उविरा हे शहर ताब्यात घेतले. हजारो लोक सीमा ओलांडून बुरुंडीत पळाले. अमेरिकेने डोळे वटारल्यावर आठवड्याभरात एम२३ ने माघारीची घोषणा केली, पण करार किती ठिसूळ आहे ते तोवर दिसून गेले होते.

शेजाऱ्यांनी एकत्र व्यापार केला की भांडणे मिटतात, हा विचार या भागाला नवा नाही. तो इथे १९६७ मध्ये, १९७६ मध्ये आणि २००० मध्ये करून पाहिला गेला आहे. काँगो, रवांडा, बुरुंडी आणि युगांडा हे चारही देश आज पूर्व आफ्रिकी समुदाय या एकाच व्यापारसंघाचे सदस्य आहेत. मग एकाच बाजारातले हे देश एकमेकांविरुद्ध सैन्य आणि बंडखोर का उभे करतात?

गोमाच्या सीमेवर काय चालते?

नकाशात काँगो आणि रवांडाच्या मध्ये किवू नावाचे मोठे सरोवर दिसते. त्याच्या उत्तर काठावर काँगोचे गोमा आणि रवांडाचे गिसेनी ही दोन शहरे एकमेकांना खेटून उभी आहेत. सीमारेषा अक्षरशः वस्तीतून जाते. पायी सीमा ओलांडण्याची जी चौकी आहे तिला स्थानिक लोक फ्रेंचमध्ये ‘छोटा अडसर’ म्हणतात. शांततेच्या काळात या चौकीतून रोज हजारो माणसे ये-जा करतात. त्यात बहुसंख्य बायका. डोक्यावर बटाटे, टोमॅटो, दूध, कोंबड्या घेऊन सकाळी गोम्यात जायचे, विकायचे आणि संध्याकाळी परत यायचे. गोमाच्या भाजीबाजाराचा बराच भार रवांडातील शेतकऱ्यांवर आहे.

मे २०२१ मध्ये गोमाजवळच्या न्यिरागोंगो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा गोमाचे लोक रातोरात गिसेनीकडे धावले आणि रवांडाने त्यांना आत घेतले. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ ने गोमा जिंकले. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार त्या काही दिवसांच्या लढाईत सुमारे तीन हजार माणसे मेली. बँका बंद पडल्या, विमानतळ बंद पडला. भाजीची ये-जा मात्र काही दिवसांतच पुन्हा सुरू झाली. लोकांच्या पातळीवरचा व्यापार इथे युद्धालाही पुरून उरतो. त्यामुळे व्यापार वाढवला की शांतता येईल, हे सूत्र ऐकताना पहिला प्रश्न विचारायला हवा, की कोणाचा व्यापार?

पूर्व आफ्रिकी समुदाय म्हणजे काय?

केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो आणि सोमालिया अशा आठ देशांचा हा संघ. मुख्यालय टांझानियातील अरुशा येथे. लोकसंख्या ३० कोटींच्या वर. २००५ पासून जकात संघ, २०१० पासून सामाईक बाजार, म्हणजे माल, माणसे आणि भांडवल यांना मोकळी वाट. २०१३ मध्ये एकच चलन आणण्याचेही ठरले. त्यासाठी २०२४ ची मुदत होती, ती चुकली. आता २०३१ म्हणतात.

एक गंमत इथे सांगायलाच हवी. या भागातील बऱ्याच मुलखात एकेकाळी एकच चलन चालत होते आणि ते होते आपला रुपया. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत भारतीय रुपया हेच व्यवहाराचे नाणे होते. त्यानंतर शिलिंग आले आणि ते आजही केनिया, युगांडा, टांझानियात आहे, फक्त तिघांचे वेगवेगळे.

कागदावर हा संघ आफ्रिकेतील सर्वांत पुढे गेलेल्या संघांपैकी मानला जातो. व्यवहारात सदस्य देशांच्या एकूण व्यापारापैकी आपापसांतला व्यापार जेमतेम पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचा चीन, भारत, आखाती देश आणि युरोपशी. शिवाय सदस्य एकमेकांचा माल अडवण्यात कसर ठेवत नाहीत. २०१७ मध्ये टांझानियाने केनियातून आलेली ६,४०० कोंबडीची पिल्ले रोगाच्या भीतीचे कारण देऊन जाळली. केनियात त्यावर केवढा संताप झाला असेल, याची कल्पना करा. २०२१ मध्ये केनियाने टांझानिया आणि युगांडाच्या मक्यात बुरशीचे विष आढळल्याचे सांगून आयात थांबवली. जुलै २०२५ मध्ये टांझानियाने छोट्या धंद्यांच्या १५ प्रकारांत परदेशी माणसांना बंदी केली. ‘परदेशी’मध्ये शेजारचे केनियनही आले.

पहिला संघ का मोडला?

हा संघ दुसऱ्यांदा जन्मलेला आहे. पहिला १९६७ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियाने स्थापन केला होता. त्यांची रेल्वे एक होती, बंदरे एका महामंडळाकडे होती, टपाल एक, विमान कंपनीसुद्धा एक. एवढे एकत्रीकरण आज आठ देशांना मिळूनही जमलेले नाही. तरी दहा वर्षांत, १९७७ मध्ये, सगळे कोसळले.

याचे कारण सांगताना बहुतेक जण इदी अमीनचे नाव घेतात. ते खोटे नाही. १९७१ मध्ये अमीनने युगांडात सत्ता बळकावल्यावर टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्याच्यासोबत एका टेबलावर बसायला नकार दिला. संघाची सर्वोच्च समिती तीन अध्यक्षांची होती, ती भरेनाशी झाली. पण खरी कुरबुर पैशाची होती. कारखाने नैरोबीच्या आसपास होते, त्यामुळे खुल्या बाजाराचा मोठा लाभ केनियाला होत होता. टांझानिया आणि युगांडा हे गिऱ्हाईक बनून राहिले होते. तोट्यात असलेल्या भागीदाराला भरपाई कशी द्यायची, याची जी व्यवस्था होती ती कोणालाच पुरेशी वाटत नव्हती.

शेवट तर घरातल्या वाटणीसारखा झाला. केनियाने स्वतःची विमान कंपनी काढली. टांझानियाने केनियाची सीमाच बंद केली आणि त्या घटकेला जी मालमत्ता आपल्या हद्दीत होती ती धरून ठेवली. ती सीमा १९७७ पासून १९८३ पर्यंत बंद राहिली. मधल्या काळात, १९७८-७९ मध्ये, टांझानिया आणि युगांडाचे युद्ध झाले. संघाच्या मालमत्तेची वाटणी करायला स्वित्झर्लंडचे व्हिक्टर उम्ब्रिख्त नावाचे मुत्सद्दी मध्यस्थ नेमले गेले. इंजिने, बोटी, इमारती, कर्जे यांचा हिशेब जुळवून त्यांनी मे १९८४ मध्ये तिघांच्या सह्या घेतल्या. या करारातच पुढे पुन्हा एकत्र येण्याचा मार्ग शोधू, असे एक कलम होते. १९९९ च्या नव्या कराराचे बी तिथे आहे. संयम ठेवून केलेली आकडेमोड भांडण मिटवू शकते, याचे हे उदाहरण एवढे कमी का सांगितले जाते, ते कळत नाही.

काँगो या संघात का आला?

गोमापासून राजधानी किन्शासा सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे आणि मध्ये सलग धड रस्ता नाही. विमान किंवा नदी, हेच पर्याय. उलट केनियाचे मोम्बासा आणि टांझानियाचे दार-ए-सलाम ही बंदरे रस्त्याने गाठता येतात. पूर्व काँगोत येणारे कपडे, सिमेंट, मोबाईल आणि तिथून बाहेर जाणारे लाकूड, कॉफी, खनिजे हे सगळे हिंदी महासागराच्या दिशेने जाते. एप्रिल २०२२ मध्ये काँगोने पूर्व आफ्रिकी समुदायाच्या करारावर सही केली, ती या भूगोलाला दिलेली मान्यता होती. केनियाच्या बँकांनी ते आधीच ओळखले होते. तिथल्या इक्विटी बँकेने २०२० मध्ये आणि केसीबीने २०२२ मध्ये काँगोतील मोठ्या बँका विकत घेतल्या.

चिसेकेदींचा आणखी एक हिशेब होता. एम२३ पुन्हा डोके वर काढत होते. शेजाऱ्यांच्या संघात गेलो तर संघाची फौज मदतीला येईल आणि रवांडावर दबाव येईल, अशी आशा त्यांना होती. हा हिशेब पुरता चुकला. त्याकडे येऊच, पण त्याआधी २०२१ मध्ये काय घडले ते पाहावे लागेल.

रस्त्यावरून बिनसले?

जून २०२१ मध्ये चिसेकेदी आणि युगांडाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी सीमेवर एका रस्ते प्रकल्पाचा नारळ फोडला. युगांडाच्या मदतीने पूर्व काँगोत २२३ किलोमीटरचे रस्ते बांधायचे. त्यातला एक रस्ता युगांडाच्या सीमेवरील बुनागानापासून रुत्शुरूमार्गे थेट गोमापर्यंत, म्हणजे रवांडाच्या कुंपणाला लागून जाणार होता. त्याच महिन्यात चिसेकेदी आणि कागामेही भेटले. काँगोची सरकारी खाण कंपनी आणि रवांडातील एक शुद्धीकरण कंपनी यांच्यात सोन्याबाबत सहकार्याचा करार झाला. रवांडाची विमाने काँगोत उतरत होती. सगळे छान चालले होते, असे त्या महिन्यातील फोटो पाहून वाटते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एम२३ ने पुन्हा हल्ले सुरू केले. जून २०२२ मध्ये त्यांनी घेतलेले पहिले महत्त्वाचे ठिकाण कोणते? बुनागाना, जिथून तो रस्ता सुरू होणार होता. सोन्याचा करार त्याच महिन्यात किन्शासाने स्थगित केला. रवांडाची विमाने त्याआधीच बंद झाली होती.

रस्ता हे युद्धाचे एकमेव कारण, असे म्हणणे घाईचे होईल. पण अनेक अभ्यासक या दोन घटनांचा संबंध जोडतात आणि तर्क साधा आहे. गोमाचा माल आजवर रवांडाच्या गुळगुळीत रस्त्यांवरून जात होता. नवा रस्ता झाला की तो युगांडातून जाईल. युगांडा आणि रवांडाचे तेव्हा अजिबात पटत नव्हते. त्यांच्यातील गटुना ही मुख्य सीमा फेब्रुवारी २०१९ पासून बंदच होती, ती जानेवारी २०२२ अखेर उघडली. म्हणजे काँगो आणि युगांडा यांच्यासाठी जे सहकार्य होते, ते रवांडाच्या नजरेत घेराव होता. १९७७ मध्ये जे केनियाच्या कारखान्यांवरून झाले तेच इथे रस्त्यावरून झाले. दोघांच्या फायद्यात तिसऱ्याचा तोटा होत असेल, तर त्याची दखल घेणारी जागा संघाकडे नव्हती.

तुमच्या फोनचा यात काय संबंध?

इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत आम्हाला एक छोटा, पिवळा, थेंबाच्या आकाराचा कपॅसिटर मिळायचा. त्याचे धन-ऋण टोक उलटे जोडले की फट्कन फुटायचा आणि सगळा वर्ग हसायचा. तो टँटलमचा कपॅसिटर. छोट्याशा जागेत भरपूर विद्युतभार साठवतो, तापमान बदलले तरी बिघडत नाही. म्हणून मोबाईल, लॅपटॉप, मोटारी, हृदयाचे पेसमेकर अशा ठिकाणी हा धातू वापरतात. टँटलम ज्या काळ्या खनिजातून काढतात त्याला मध्य आफ्रिकेत कोल्टन म्हणतात. ते कुठून येते, हे त्या प्रयोगशाळेत आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गोमाच्या पश्चिमेला डोंगरात रुबाया नावाचे गाव आहे. जगाच्या कोल्टनपैकी सुमारे १५ टक्के तिथून येते, असा अंदाज आहे. तिथे मोठी यंत्रे नाहीत. माणसे फावडे-कुदळीने खणतात, चिखल धुतात, पोती पाठीवरून वाहतात. एप्रिल २०२४ च्या अखेरीस रुबाया एम२३ च्या हातात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या हिशेबाने तिथल्या महिन्याला सुमारे १२० टन कोल्टनच्या व्यापारावर कर बसवून हा गट दरमहा सुमारे आठ लाख डॉलर कमावत होता. म्हणजे जवळपास सात कोटी रुपये.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कोल्टन कुठे जाते? तज्ज्ञगटाच्या मते ते रवांडात जाते, तिथल्या खाणींतल्या मालात मिसळते आणि रवांडाचे म्हणून निर्यात होते. रवांडा हे नाकारतो. खनिज कुठून आले ते ओळखण्यासाठी पोत्यांना खाणीवरच क्रमांकाची पट्टी लावण्याची पद्धत २०१० नंतर सुरू झाली. पण पट्टी पोत्याला असते, खड्याला नसते. दुसऱ्या खाणीतला माल पट्टीच्या पोत्यात ओतला की तो निर्मळ झाला. खनिजाची रासायनिक ठेवण तपासून खाण ओळखण्याचे तंत्र जर्मनीच्या भूविज्ञान संस्थेने विकसित केले आहे. तंत्र आहे, पण ते प्रत्येक पोत्यावर वापरायला कोण तयार आहे?

तस्करी होते कारण ती परवडते. काँगोत निर्यातीवर अनेक कर आहेत, त्यावर निरनिराळ्या कार्यालयांची वसुली वेगळी आणि वाटेतल्या सैनिकांची त्याहून वेगळी. सीमेपलीकडे कर कमी, कागदपत्रे लवकर, रस्ता चांगला. एम२३ येण्याच्या कितीतरी आधीपासून, काँगोचेच अधिकारी आणि लष्करी अंमलदार या वाटेने माल पाठवत आले आहेत. सामाईक बाजार खरोखर अमलात आला, दोन्हीकडचा कर सारखा झाला, तर हा फरकच नाहीसा होईल आणि त्यावर जगणाऱ्यांचे उत्पन्नही. संघाचा नियम कागदावर मान्य करून प्रत्यक्षात न पाळण्यात अनेकांचे हित गुंतले आहे ते असे.

रवांडाची बाजू काय?

रवांडा म्हणतो, प्रश्न खनिजांचा नाही, सुरक्षेचा आहे. ही बाजू नीट ऐकली पाहिजे. १९९४ मध्ये रवांडात सुमारे १०० दिवसांत आठ लाखांहून अधिक लोकांची कत्तल झाली. मारले गेलेले बहुसंख्य तुत्सी होते. कत्तल करणारे सैनिक आणि टोळ्या जुलैमध्ये पराभूत होऊन दहा लाखांच्या निर्वासित लोंढ्याबरोबर गोमाच्या बाजूला गेल्या. त्यांच्यातूनच पुढे एफडीएलआर हा हुतू सशस्त्र गट झाला. तो आजही काँगोच्या जंगलात आहे आणि काँगोच्या सैन्याने एम२३ विरुद्ध त्याची मदत घेतल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतही आले आहे. शिवाय काँगोतील तुत्सींना ‘तुम्ही इथले नाहीत’ असे म्हणणारा द्वेष खरा आहे. एम२३ आपण त्यांच्या रक्षणासाठी लढतो असे सांगतो. गटाचे नावच २३ मार्च २००९ च्या शांतता करारावरून आले आहे. तो करार काँगो सरकारने पाळला नाही, ही त्यांची तक्रार.

पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्येच रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक काँगोच्या भूमीवर असल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून रवांडाला सैन्य मागे घ्यायला सांगितले. भीती खरी असू शकते आणि नफाही खरा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरे असणे, हीच या प्रश्नाची मोठी अडचण आहे.

संघाची फौज परत का गेली?

काँगो संघात आल्यावर सात महिन्यांत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, केनियाच्या नेतृत्वाखाली पूर्व आफ्रिकी फौज गोम्यात उतरली. नंतर बुरुंडी, युगांडा आणि दक्षिण सुदानचे सैनिक आले. पहिल्या महिन्यापासून एका शब्दावरून वाद होता. चिसेकेदींना वाटत होते, फौज एम२३ शी लढेल. फौजेला वाटत होते, आपण दोघांच्या मध्ये उभे राहायचे आणि बोलणी होऊ द्यायची. फौजेचे केनियन सेनापती जेफ न्यागा यांनी आपल्याला धमक्या येत असल्याचे सांगून एप्रिल २०२३ मध्ये पद सोडले. डिसेंबर २०२३ मध्ये किन्शासाने मुदत वाढवली नाही आणि फौज घरी गेली.

मग चिसेकेदींनी दुसरे दार ठोठावले. काँगो दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाचाही सदस्य आहे. त्या संघाने दक्षिण आफ्रिका, मलावी आणि टांझानियाचे सैनिक पाठवले. जानेवारी २०२५ मध्ये गोमाच्या लढाईत दक्षिण आफ्रिकेचे १४ सैनिक मारले गेले आणि मार्चमध्ये तीही मोहीम गुंडाळली गेली. टांझानियाची पंचाईत पाहा. एका संघात तो रवांडाचा भागीदार, दुसऱ्या संघाच्या गणवेशात रवांडाच्या पाठिंब्यावरील बंडखोरांसमोर उभा.

काँगो अशा चार प्रादेशिक संघटनांचा सदस्य आहे. एका ठिकाणी मनासारखे झाले नाही की दुसरीकडे जायचे, ही सवय त्याला लागली. रवांडानेही जून २०२५ मध्ये मध्य आफ्रिकी देशांच्या संघटनेतून अंग काढून घेतले. शांतताबोलणीही अशीच दोन रुळांवर चालली होती. नैरोबीत काँगो सरकार आणि सशस्त्र गट, तर अंगोलातील लुआंडात काँगो आणि रवांडा. एका ठिकाणी ठरले की दुसरीकडे अडायचे. गोमा पडल्यानंतर, ८ फेब्रुवारी २०२५ ला दार-ए-सलाममध्ये दोन्ही संघांची एकत्र शिखर बैठक झाली आणि हे रूळ जोडायचे ठरले. तोपर्यंत गाडी निघून गेली होती. मार्चमध्ये चिसेकेदी आणि कागामे भेटले ते दोहात, कतारच्या घरी. जूनमध्ये परराष्ट्रमंत्र्यांच्या सह्या झाल्या वॉशिंग्टनमध्ये. शेजाऱ्यांचे भांडण गावातून तालुक्याला आणि तिथून परदेशात गेले.

अरुशातील सचिवालयाकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण त्याच्या हातात आहे काय? निर्णय सर्व राष्ट्रप्रमुखांच्या सहमतीने होतात. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघेही त्याच टेबलावर. त्यात काही सदस्यांची वर्गणीही थकलेली. काँगोच्या जमिनीवर २०२४-२५ मध्ये याच संघातील किती सदस्यांचे सैनिक होते, ते मोजा : बुरुंडी काँगोच्या बाजूने, रवांडा एम२३ च्या बाजूने, युगांडा तिसऱ्याच एका गटाविरुद्ध आणि टांझानिया दुसऱ्या संघाच्या झेंड्याखाली.

मग काहीच जमलेले नाही का?

जमले आहे, पण ते मोठ्या शिखर बैठकांत नाही. केनियाच्या मका बंदीनंतर राहिलेली कोंडी सुटली ती समिया सुलुहू हसन टांझानियाच्या अध्यक्ष झाल्यावर मे २०२१ मध्ये नैरोबीला गेल्या तेव्हा. दोन्ही देशांनी अडथळ्यांची यादी केली आणि अधिकाऱ्यांना एकेक सोडवायला बसवले. युगांडाने १९९८ ते २००३ च्या युद्धात काँगोचे जे नुकसान केले त्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पाच वर्षांचे हप्ते. युगांडाने कुरकुर केली, पण त्याच वर्षी पहिला हप्ता भरला.

सर्वांत बोलके उदाहरण पाण्याचे आहे. किवू सरोवरातून रुझिझी नदी निघते आणि काँगो, रवांडा, बुरुंडीच्या सीमांवरून टांगानिका सरोवराकडे वाहते. या तीन देशांनी १९७६ मध्ये गिसेनीत, म्हणजे त्याच सीमेवरच्या गावात, एक आर्थिक समुदाय स्थापन केला होता. तो समुदाय युद्धांत जवळपास नावापुरता उरला. पण त्याने उभारलेले रुझिझीवरचे सामाईक वीजकेंद्र टिकले. एकमेकांचे हाडवैरी झालेल्या काळातही तीन देश एकाच धरणाची वीज वाटून घेत राहिले. कारण साधे होते. वाटणी ठरलेली होती आणि वीज पोत्यात भरून चोरून नेता येत नाही. आता रुझिझी-३ या २०६ मेगावॅटच्या प्रकल्पाची तयारी आहे.

किवू सरोवराच्या तळाशी विरघळलेला मिथेन वायूही तसाच. खोलातले पाणी नळीने वर आणले की दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसा वायू बाहेर येतो. रवांडात त्यावर २६ मेगावॅटचे केंद्र चालते. सरोवर मात्र दोघांचे आहे. तळाशी मिथेनबरोबर प्रचंड कार्बन डायऑक्साइडही आहे. तो कधी एकदम उसळला तर गोमा आणि गिसेनी यांच्यात भेद करणार नाही. १९८६ मध्ये कॅमेरूनमधील न्योस या कितीतरी लहान सरोवरातून असा वायू बाहेर पडून सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली होती.

वॉशिंग्टनच्या आराखड्यात काय आहे, काय नाही?

या आराखड्यात वीज, पायाभूत सुविधा, खनिजांची पुरवठा साखळी, राष्ट्रीय उद्याने आणि आरोग्य हे विषय आहेत. त्यात किवूचा मिथेन आणि रुझिझी हे भाग मला सर्वांत आशादायक वाटतात, कारण तिथे वाटणीचा अनुभव जुना आहे. खनिजांचा भाग सर्वांत कच्चा आहे. काँगोतले कोल्टन रवांडात शुद्ध करायचे आणि ते उघडपणे, पावतीसह करायचे, अशी कल्पना आहे. तस्करीच्या जागी कायदेशीर व्यापार आणायचा, तर ज्यांचे उत्पन्न बुडेल त्यांना काय मिळणार? किन्शासाला कराचा वाटा किती? रुबायात खणणाऱ्या मजुराला भाव कोण ठरवून देणार? आणि वॉशिंग्टनच्या करारात एम२३ पक्षकारच नाही. त्यांच्याशी बोलणी दोहात वेगळी चालू आहेत. ज्याच्या ताब्यात खाण आहे तो एका टेबलावर आणि खाणीचा करार दुसऱ्या टेबलावर.

अमेरिकेचे लक्षही मुख्यतः दक्षिण काँगोतील तांबे आणि कोबाल्टवर, अंगोलाच्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेवर आहे. तो भाग गोमापासून फार दूर आहे. किवूच्या खोऱ्यात कोणी लक्ष घालून बसेल का, हा प्रश्न भारतालाही परका नाही. आपले शांतिसैनिक संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत अनेक वर्षे गोमा परिसरात राहिले आहेत आणि त्यांनी तिथे रुग्णालयही चालवले आहे. २०२२ मध्ये बुटेम्बो शहरात झालेल्या हिंसक निदर्शनांत सीमा सुरक्षा दलाच्या दोन जवानांचा मृत्यू झाला होता.

पुढच्या काही महिन्यांत बातम्या वाचताना शिखर बैठकांच्या फोटोंपेक्षा तीन गोष्टींकडे पाहता येईल. जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलेल्या गोमा विमानतळावरची नियमित वाहतूक. जानेवारी २०२४ मध्ये बुरुंडीने बंद केलेली रवांडाची सीमा. आणि रुबायाहून निघालेल्या पोत्यावर कोणाच्या सही-शिक्क्याची पावती आहे ती.